वडशाचं नाटक वहीत लिहू का?

ताई, नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातला, वय ५९. गेल्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. लहानपणापासून वाचतो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, वाचनालयातून, रद्दीतून, मिळेल ते. निवृत्त झालो त्याच दिवशी ठरवलं की आता मराठी साहित्य पहिल्यापासून आजपर्यंत ओळीनं वाचायचं, एकही न सोडता. त्यासाठी दोनशे पानी वही केली. रकाने आखले: सन, लेखक, पुस्तक, सुरू, संपले, शेरा. २१२ पुस्तकं उतरवली. अकरा महिने झाले, अजून दुसऱ्याच पुस्तकावर आहे. लीळाचरित्र कसंबसं संपवलं आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात रुतलो. सकाळी वही उघडली की ऑफिसात फाइल उघडल्यासारखं वाटतं. रात्री मात्र बायको झोपली की बाबूराव अर्नाळकरांची जुनी रहस्यकथा काढून वाचतो. लाज वाटते.

दुसरं असं की मुलीनं मुंबईला एका चित्रप्रदर्शनात नेलं होतं. दोन तास फिरलो, काही समजलं नाही, तिला मात्र ‘छान’ म्हणालो. आणि हिवाळ्यात साडूकडे गडचिरोलीतल्या वडशाला गेलो तेव्हा झाडीपट्टीचं नाटक पाहिलं. रात्रभर बसलो. हसलो, डोळे पुसले. पण घरी आल्यावर ते वहीत कुठं लिहावं कळेना. त्याला साहित्य म्हणायचं का? आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ तर म्हणतात, जगातलं वाचल्याशिवाय आपलं वाचण्यात अर्थ नाही. माझं इंग्रजी जेमतेम. माझं चुकतंय कुठं?

– वहीवाला

*

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग तुमच्या वहीचे रकाने पुन्हा मोजले. सहा. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिता ते तुम्ही कळवलं नाहीत, पण सगळी नोकरी सरकारी कागदांत काढलेला माणूस तिथे काय लिहील याचा अंदाज आहे. ‘वाचले.’ खाली सही आणि तारीख नसली म्हणजे मिळवली.

आधी रात्रीचं प्रकरण मिटवू. अर्नाळकर लपून वाचायचं काही कारण नाही. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस आहे तो. त्यांच्या झुंजारनं आणि काळापहाडनं किती घरांत पुस्तक हातात धरायची सवय लावली, ते जुन्या ग्रंथपालांना विचारा. तुमच्या वहीत ते नसतील तर ती वहीची चूक. उद्यापासून दिवसाढवळ्या, चहाबरोबर वाचा. वहिनींनी पाहिलं तर पाहू देत. त्यांना केव्हाच माहीत असणार असा माझा संशय आहे.

आता पहिला रकाना. सन. तुमचा सगळा घोटाळा तिथून सुरू झालाय.

तुम्ही धरून चाललात की मराठी साहित्य म्हणजे रेशनची रांग आहे, पुढचा हलल्याशिवाय मागच्याला सरकता येत नाही. लीळाचरित्राचंच घ्या. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचं ते पुस्तक म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास रिद्धपुरात सिद्ध केलं म्हणून तुमच्या यादीत ते पहिलं. पण महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. पंथाबाहेरच्या माणसाला त्या वाचताच येत नसत. ती लिपी उलगडून तो ठेवा बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल उभं केलं, हरिभाऊ आपटे १८९०च्या पुढे आपल्या साप्ताहिकातून क्रमशः कादंबरी छापत होते, तेव्हा त्यांच्या वाचकांच्या दृष्टीनं मराठी गद्याचं हे पहिलं पुस्तक नव्हतंच. ज्या रांगेत उभं राहून तुम्ही घाम पुसताय ती त्यांच्या काळी लागलेलीच नव्हती. ती नंतर लावली गेली, इतिहास शिकवायच्या सोयीसाठी. शिकवणाऱ्याला आणि परीक्षा देणाऱ्याला ती लागते. तुमची कुठली परीक्षा आलीय?

नाटकाचंही तेच. पहिल्या नाटकासमोर तुम्ही ‘विष्णुदास भावे, सांगली, १८४३’ असं लिहिलं असणार. पण तंजावरच्या भोसले राजांनी त्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षं मराठीत नाटकं लिहून ठेवली होती, इकडे कुणाला पत्ता नव्हता. तुमच्याच वऱ्हाडातलं उदाहरण देते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ सालचं. ते विस्मरणात गेलं आणि पुन्हा छापून लोकांसमोर आलं १९७५ला. मधली नव्वद-एक वर्षं ते मराठी वाचकांच्या रांगेत उभंच नव्हतं. आणि बहिणाबाईंना तुम्ही कोणत्या साली बसवलंत? पुस्तक १९५२चं. त्या गेल्या १९५१ साली. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी तोंडातून येत होती, घरातल्या कुणी कागदावर उतरवली म्हणून ती मुलाच्या, सोपानदेवांच्या हातून जगापुढे आली. ती गाणी १९५२ची म्हणायची की त्याच्या आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांची? तुमच्या रकान्यात एवढी जागा नाही.

मला जे म्हणायचंय ते इथेच म्हणते. आपलं निम्म्याहून अधिक साहित्य आधी तोंडातून निघालं, कानात गेलं, आणि मग कधीतरी कागदावर आलं. तुम्ही ते तोंड मिटून, नुसत्या डोळ्यांनी वाचताय. म्हणून रुतलात. तुमची समज कमी पडलेली नाही, तुमचा आवाज बंद आहे.

खोटं वाटत असेल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तूर्त मिटून ठेवा. त्यात योगाचा मोठा प्रवास आहे आणि भलेभले तिथे धापा टाकतात. (मराठी बोल अमृताशीही पैज जिंकतील, ही ओवी त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तुम्ही पैज हरून पुढे गेलात.) नववा उघडा. पहिलीच ओवी:

तरी अवधान एकलें दीजे ।
मग सर्वसुखासि पात्र होईजे ।
हें प्रतिज्ञोत्तर माझें ।
उघड ऐका ॥

मोठ्यानं म्हणा. लाजू नका, घरात तुम्ही दोघंच आहात. पहिले तीन चरण ‘दीजे’, ‘होईजे’, ‘माझें’ अशी एकमेकांना टाळी देत येतात. चौथा आखूड, त्याला यमक नाही, तो झपकन खाली उतरतो. तीन पावलं चालायचं, चौथ्यावर टेकायचं. नऊ हजारांच्या आसपास ओव्या याच चालीनं चालतात. डोळ्यांनी वाचताना ही चाल दिसत नाही, दिसतो फक्त अवघड शब्द. जिभेवर घेतलं की अवघड शब्दसुद्धा चालीबरोबर ओढला जातो. आणि शेवटचा शब्द बघा. ‘ऐका.’ ‘वाचा’ म्हटलेलं नाही. १२९० साली नेवाशाला हे सांगितलं गेलं तेव्हा समोर श्रोते बसले होते आणि सच्चिदानंदबाबा उतरवून घेत होते. ग्रंथभर मधूनमधून श्रोत्यांची आर्जवं आहेत, थट्टा आहे, लक्ष द्या म्हणून विनवणी आहे. ही सभा आहे, भाऊ. तुम्ही सभेला गेलात आणि कानात बोळे घालून बसलात.

माझंही असंच झालं होतं. बाविसाव्या वर्षी मी सार्थ प्रत घेऊन बसले. वर ओवी, खाली बारीक टायपात अर्थ. दर ओवीला डोळा आपोआप खाली घसरायचा. तीन महिन्यांनी लक्षात आलं की मी ज्ञानेश्वरी वाचतच नाहीये, तिचा खुलासा वाचतेय. तो खुलासा कंटाळवाणा होता आणि मी दोष देत होते ज्ञानेश्वरांना. पुढे मावशीच्या गावी सप्ताहात पारायणाला बसायचा योग आला, तोही नाइलाजानं, कारण घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं. चाळीसेक बायका एका सुरात वाचत होत्या. शेजारच्या आजींना दिसत नव्हतं, पोथी नुसती पुढ्यात ठेवलेली, पान मात्र बरोबर वेळेवर उलटत होत्या. मला पहिले दोन दिवस निम्मं कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कळायला लागलं असंही नाही म्हणवत, पण चौथा चरण कधी येणार ते अंगाला कळायला लागलं. मग एकेक ओवी आपण होऊन उघडली. अजूनही सगळ्या उघडलेल्या नाहीत. घाई नाही.

लीळाचरित्र तुम्ही ‘कसंबसं संपवलं’ म्हणता, तेही असंच डोळ्यांनी संपवलं असणार. नाहीतर त्यातली काऊ-चिऊची गोष्ट तुम्हाला अडवल्याशिवाय राहती ना. कावळ्याचं घर शेणाचं, आणि चिमणीच्या जागी तिथे साळई आहे, तिचं घर मेणाचं. सातशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात. तुमच्या आजीनं तुम्हाला भात भरवताना जी गोष्ट सांगितली ती! तिनं म्हाइंभट वाचले नव्हते. ती गोष्ट वहीच्या पहिल्या ओळीतून आजीपर्यंत तोंडातोंडी आली, की आधीच तोंडातोंडी होती आणि वाटेत क्षणभर पोथीत टेकली? मला दुसरं जास्त पटतं. आणखी एक बघा: ते पुस्तक झालंच मुळी ऐकून. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभट ज्याच्या आठवणीत जे होतं ते त्याच्याकडून विचारून घेत हिंडले. मूळ प्रत पुढे धामधुमीत गेली तेव्हाही लोकांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. म्हणून ते कधी शेवटापर्यंत सलग वाचूच नका. एकेक लीळा चार-सहा ओळींची, फार तर पानभराची. रात्री जेवण झाल्यावर एक लीळा मोठ्यानं वाचायची, वहिनींना विचारायचं, हा असं का म्हणाला असेल? एवढ्यावर अर्धा तास जातो. तुमच्या भागातलीच गावं त्यात आहेत. रिद्धपूर तुमच्या जिल्ह्यात, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालंय. एखाद्या सकाळी एसटीनं जाऊन या, आणि ते पुस्तक पिशवीत घ्या.

आता वडशाकडे यायचंच आहे, पण त्याआधी माझ्या गावाकडची एक गोष्ट.

मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार. देवळासमोर मांड, एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज. राजा यायचा तोही त्याच बाकड्यावर बसायचा, राक्षस यायचा तोही. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळा संकासुर, आणि मध्यरात्र उलटली की आख्यान. मी कॉलेजात असताना, डोक्यात पुस्तकी वारं भरलेलं, दुपारी रंग उतरवून बसलेल्या एका नटाला गाठलं आणि विचारलं, रात्रीच्या नाटकाची वही बघायला मिळेल का? आदल्या रात्री त्या माणसानं तीन तास सलग संवाद म्हटले होते. दुसऱ्याशी वाद घातला होता, शास्त्रार्थ केला होता, समोरच्या एका झोपाळू पोराला मध्येच चिमटाही काढला होता. तो हसला. म्हणाला, “वही खंयची गो? सगळां हंय आसा.” आणि गळ्यावर हात ठेवला.

मी त्याचा अर्थ लावायला बरीच वर्षं घेतली. कथा ठरलेली, क्रम ठरलेला, बोलणं मात्र उभ्या उभ्या रचायचं. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या नाटकातही पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी करायची. म्हणजे तुमच्या वहीतलं ‘पहिलं नाटक’सुद्धा पूर्ण कागदावर नव्हतं. आणि हे सगळं सोडून तुम्ही मला विचारता की झाडीपट्टीचं नाटक साहित्यात धरू का.

धरा हो. धानाची कापणी झाली, दिवाळी गेली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतो. लोक घोंगड्या, चादरी घेऊन येतात, घरी पाहुणे उतरलेले असतात, गावात सणासारखी धांदल असते. त्या नाटकांत भडकपणा आहे, रडारड आहे, मध्येच नाचगाणं आहे, हे खरं. मलाही सगळंच आवडतं असं नाही. पण हजारो माणसं स्वतःचं तिकीट काढून रात्रभर जागतात. शहरातल्या नाट्यगृहात अडीच तासांच्या प्रयोगात मध्यंतरानंतर घड्याळं बघणारे आम्ही, आम्हाला त्यावर नाक मुरडायचा काय अधिकार? आणि तुमचे तर डोळे भरून आले. अकरा महिन्यांत वहीतल्या कुठल्या नोंदीनं हे केलं?

वाचायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. मी म्हणेन, उलटं वाचा. आजपासून मागे. जे आवडतं, तोंडात बसतं, तिथून सुरू करा आणि त्याचा धागा धरून मागे जा. तुमच्या जिल्ह्यात तर धागे नुसते लोंबताहेत. मोझरीला तुकडोजी महाराज. ग्रामगीता तुमच्या कानावरून लहानपणीच गेलेली असणार, खंजिरीसकट. तीही ओवीतच आहे. तिच्यातल्या पाच ओव्या म्हणा आणि लगेच नवव्या अध्यायातल्या पाच म्हणा. साडेसहाशे वर्षांचं अंतर जिभेवर किती कमी आहे ते कळेल. शेंडगावचे गाडगेबाबा तुमचेच. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं, तेही वाचन म्हणूनच ऐका. ते प्रश्न टाकतात, लोक उत्तर देतात, ते पुन्हा प्रश्न टाकतात. मग एकनाथांचं भारूड काढा, आणि बघा कोण कुणाचा नातेवाईक आहे ते.

बहिणाबाईंपासून मागे गेलात तर जात्यावरच्या ओव्या लागतील. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, काही तर बायकांच्या आवाजासकट. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, आणि मध्येच एखादी बाबासाहेबांवरची ओवी अशी येते की बसल्या जागी काटा येतो. ती कुठल्या साली रचली ते रचणारीलाही ठाऊक नसेल.

आणि ताराबाई शिंदे मोठ्यानं वाचाच. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी लगेच साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं, त्या संतापातून बाईंनी ते लिहिलं. निबंध म्हणून वाचायला घेतलात तर जुनाट वाटेल. अंगणाच्या पलीकडून, कमरेवर हात ठेवून एक बाई तुम्हाला जाब विचारतेय अशी कल्पना करा आणि त्या आवाजात म्हणा. वहिनींसमोर म्हणा. पुढे काय होईल याची जबाबदारी माझी नाही.

सगळंच मोठ्यानं वाचा असं मात्र मी म्हणत नाही. मर्ढेकरांच्या कितीतरी कविता आधी गप्प बसून, पुन्हा पुन्हा मागे येत वाचाव्या लागतात. कादंबरी तर एकट्याचीच गोष्ट, खिडकीशी बसून वाचायची. कुठलं पुस्तक कानाला मागतं आणि कुठलं नुसत्या डोळ्यांना, ते दोन पानांत कळतं. आणि पन्नास पानांनंतरही ते तुम्हाला काही मागत नसेल तर सोडून द्या. मोठं नाव असलं तरी. तुमची यादी तुमच्यावर खटला भरणार नाही.

चित्रांचं. दोन तासांत तुम्ही किती चित्रं पाहिलीत? पन्नास? मग तुम्ही पन्नास पुस्तकांची पहिली पानं उलटलीत आणि कळलं नाही म्हणून घरी आलात. एवढंच झालंय. चित्र बघायला तुम्हाला येत नाही हे मला मान्यच नाही, कारण तुम्ही रोज बघता. घरातली जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक खाली काढा. मजकूर वाचू नका. मुखपृष्ठ बघा, मग आत बारीक अक्षरात ‘मुखपृष्ठ’ म्हणून कुणाचं नाव आहे ते शोधा. दीनानाथ दलाल सापडतील, रघुवीर मुळगावकर सापडतील, नंतरच्यांत पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट. दलालांची बाई आणि मुळगावकरांची बाई समोरासमोर ठेवा. डोळे कसे काढलेत, पदराची कड कुठे तीक्ष्ण आहे आणि कुठे विरघळलीय, उजेड कुठून येतोय. पंधरा मिनिटांत दोघांची सही न बघता तुम्हाला ओळखता येईल. हेच चित्र बघणं. मुंबईच्या त्या प्रदर्शनातही एवढंच करायचं होतं, पण एकाच चित्रासमोर, खुर्ची मिळाली तर बसून.

आणि तुम्हाला गोष्ट लागते, तर गोष्टीवाल्या चित्रांकडे जा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजात चित्रकथी आहे. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले, सांगणारा एकेक कागद पुढे धरतो आणि वीणेच्या साथीनं कथा गातो. चित्रांच्या त्या गठ्ठ्याला ते काय म्हणतात ठाऊक आहे? पोथी. चित्र, गाणं आणि वाचन वेगवेगळं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. एवढ्या लांब येववत नसेल तर अजिंठा तुम्हाला तसा जवळ. पण सगळ्या लेण्यांमागे धावू नका. सतरा नंबरच्या लेण्यात जा, सर्वस्व दान करून टाकणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची कथा आधी वाचून जा, आणि भिंतीवर त्याला शोधा. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो, पुढच्या प्रसंगात, त्याच्या पुढच्या प्रसंगात. चौकटी नाहीत, गोष्ट भिंतीवरून नुसती वाहत जाते. आत उजेड कमी असतो. पाचेक मिनिटं डोळ्यांना वेळ द्या, मग रंग वर येतात. गाइड घाई करेल. करू द्या.

कट्ट्यावरच्या गृहस्थांबद्दल फार लिहीत नाही. जगातलं जरूर वाचावं, मराठीत उत्तम अनुवाद आहेत, तुमच्या जेमतेम इंग्रजीवाचून काही अडणार नाही. पण आधी जग आणि मग घर अशी अट कुणी घालू नये. त्यांना एकदा विचारा, शेवटचं कुठलं पुस्तक वाचताना तुम्हाला हसू फुटलं? उत्तराला वेळ लागला तर विषय बदला, माणूस वाईट नसेल.

वही फाडू नका. चांगली दोनशे पानी आहे आणि तुमची सवय मोडायचं वय नाही. फक्त ‘सन’ खोडा. तिथे लिहा, ‘कुणाच्या तोंडून’. आणि ‘संपले’ खोडून तिथे ‘कुठे थांबलो’ लिहा. शेऱ्यात ‘वाचले’ चालणार नाही, एक तरी शब्द, ओळ, चेहरा लिहायचा जो दुसऱ्या दिवशी सकाळी आठवला. अर्नाळकरांपासून सुरुवात करा, रात्रीची नोंद दिवसा येऊ द्या.

वडशाचं नाटक पहिल्या पानावर लिहा. आणि हो, एवढं मोठं पत्र लिहिलंत, रात्रभर बसलात, डोळे पुसलेत, पण नाटक कुठलं होतं आणि नेमकं कुठल्या प्रसंगाला रडू आलं ते कळवलंच नाहीत. ते लिहून पाठवा. मला ऐकायचंय.

तुमची,
ताई